उंच चेनस्टेची जुनी माउंटन बाइक आणि नाशिकची काळी माती : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये देवळालीतल्या एका बंगल्याच्या गॅरेजमधून ही सायकल साडेसहा हजारांना आणली. मूळ रंग गेलेला, त्यावर कोणीतरी हिरवा मारलेला, कंपनीचं स्टिकर नाही. पण लांबूनच कळलं, ही उंच चेनस्टेची आहे. अशी फ्रेम समोर उभी बघायची मी कित्येक वर्षं वाट पाहत होतो.

नेहमीच्या सायकलीत पेडलजवळच्या बीबीपासून (पेडलचे दांडे ज्यावर फिरतात तो बॉटम ब्रॅकेट) मागच्या चाकाच्या आसापर्यंत दोन नळ्या जातात, त्या चेनस्टे. उजव्या बाजूची नळी चेनच्या वेढ्यातूनच जाते. या फ्रेममध्ये त्या नळ्या बीबीला जोडलेल्याच नाहीत. त्या वर सीट ट्यूबवरून, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीवरून, निघतात आणि चेनच्या डोक्यावरून मागे जातात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९०च्या सुरुवातीला हे डिझाइन जोरात होतं. सायकलींचे रचनाकार रिचर्ड कनिंगहॅम यांच्या मँटिस, त्यांनीच आखलेली निशिकी एलियन, हारो एक्स्ट्रीम, अल्पाइनस्टार्सच्या सायकली, सगळ्या याच घराण्यातल्या. पुढे काही वर्षांत ही कल्पना जवळपास संपली. ती का आली आणि का गेली, याचं उत्तर मला फोटो बघून कधी मिळालं नव्हतं. ते मखमलाबाद-मातोरीच्या शिवारात मिळालं.

पावसाळ्यात आपली काळी माती कशी असते ते नाशिककरांना सांगायला नको. दोनशे मीटर गेलं की गवत आणि चिखल मिळून चाकाभोवती लगदा होतो. साध्या सायकलीत अशा वेळी चिखलाने माखलेली चेन पुढच्या छोट्या चकतीच्या दातांना चिकटून राहते, खाली सुटायच्या ऐवजी वर ओढली जाते आणि चकती व चेनस्टे यांच्यात पाचरीसारखी अडकते. माझ्या जुन्या सायकलीच्या चेनस्टेवर अशा ओरखड्यांची रांगच आहे. या सायकलीत तिथे नळीच नाही, त्यामुळे अडकायला जागा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये चेन तीन वेळा वर चढली. तिन्ही वेळा पेडल थोडं मागे फिरवलं आणि ती मोकळी झाली. बीबीमागे चिखल अडायलाही काही नाही, तो आपोआप गळून पडतो. आणखी एक सोय म्हणजे चेन न तोडता अख्खी काढता येते. दर रविवारी घरी आल्यावर चेन रॉकेलच्या डब्यात बुडवणाऱ्या माणसाला याची किंमत कळेल.

दुसरा फायदा चढावर. नळ्या वरून गेल्याने मागचं चाक बरंच पुढे घेता येतं. मी मोजलं तर बीबीपासून आसापर्यंत ४१२ मिलीमीटर भरलं. वजन मागच्या चाकावर येतं, त्यामुळे रामशेजच्या पायथ्याच्या भुसभुशीत मुरमावर, जिथे बाकीच्यांची चाकं जागेवर फिरतात, तिथे ही पकड सोडत नाही. मात्र खूप उभ्या चढावर पुढचं चाक उचललं जातं, तेव्हा छाती हँडलवर टेकवावी लागते.

आता दुखणं. सीटवरून उठून जोर लावला की बीबी कडेला झुकते. डोळ्याने दिसतं, पुढची चकती डिरेलरला (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्रणेला) घासते. कारण सरळ आहे. एरवी बीबीला चार नळ्यांनी धरलेलं असतं, इथे फक्त दोन. पायाचा सगळा पीळ सीट ट्यूब आणि डाउन ट्यूबवर (हँडलकडून बीबीकडे तिरकी येणारी नळी). तो पीळ आवरायचा तर नळ्या जाड करा, म्हणजे वजन वाढवा. ही कल्पना मागे का पडली ते मला अंजनेरीच्या रस्त्यावर तिसऱ्याच दिवशी पटलं.

आणि तो पीळ साठून कुठे बाहेर पडतो? ऑक्टोबरच्या शेवटी सायकल धुताना सीट ट्यूबवर, चेनस्टे जोडलेल्या जागेच्या अगदी खाली, रंगात केसाएवढी रेघ दिसली. पॉलिश पेपरने रंग घासला तरी रेघ गेली नाही. अंबडमध्ये फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या ओळखीच्या दादांकडे घेऊन गेलो. त्यांनी डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरेत शिरणारा लाल रंग, मारून पाहिलं. वर मारलेल्या पांढऱ्या डेव्हलपर पावडरीवर अकरा मिलीमीटरची लाल रेघ उमटली. पोटात गोळा आला. दादा म्हणाले, "भाऊ, पोलाद आहे, घाबरू नका. ॲल्युमिनियम असतं तर हात लावला नसता." चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, टिग वेल्डिंग केलं, वर छोटी पट्टी जोडली. बाराशे रुपये लागले. जुन्या विचित्र फ्रेम गोळा करणाऱ्याने क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाच्या आधी घ्याव्यात, असं मी आता ठामपणे सांगतो. ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमला वेल्डिंगनंतर पुन्हा उष्णता-प्रक्रिया द्यावी लागते, नाहीतर जोडाजवळचा भाग मऊ राहतो. एका फ्रेमसाठी भट्टी कोण लावून देणार?

माझ्याकडे दोन वर्षांपासून जीटी कंपनीची ट्रिपल ट्रँगल फ्रेमही आहे. तिच्या सीटस्टे (मागच्या चाकाकडून सीटकडे वर जाणाऱ्या नळ्या) सीट ट्यूबला ओलांडून पुढे टॉप ट्यूबला, म्हणजे वरच्या आडव्या नळीला, जोडतात आणि तिथे तिसरा छोटा त्रिकोण तयार होतो. ती ताठ आहे, जोर लावला की पुढे झेपावते. पांडवलेणीच्या बाजूच्या खडकाळ पायवाटेवर मी तीच नेतो, चिखलात ही हिरवी. स्लिंगशॉट नावाची एक सायकल तर डाउन ट्यूबच्या जागी स्प्रिंग लावलेली पोलादी तार घेऊन येते. ती एकदा चालवायची फार इच्छा आहे.

सुट्या भागांची भीती होती, ती बरीचशी फोल ठरली. २६ इंची माउंटन बाइकचं टायर, म्हणजे ५५९ मापाचं (रिमचा मिलीमीटरमधला व्यास), आपल्याकडे कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतं. फक्त २६ गुणिले १ ३/८ लिहिलेलं घेऊ नका, ते ५९० असतं आणि या रिमवर बसत नाही. सात गिअरची चेनही सहज मिळाली. अडलं ते सीटपोस्टवर, म्हणजे सीटच्या दांड्यावर. सीट ट्यूबचं आतलं माप वर्निअरने २६.८ आलं, दुकानात होती २५.४. सातपूरच्या एका टर्नरकडून ०.७ मिलीमीटर जाडीचा बुश, म्हणजे मधली फट भरणारी नळी, करून घेतला. इतका पातळ बुश लेथवर धरणं अवघड काम, त्यांनी दोन बिघडवून तिसरा दिला आणि पैसे एकाचेच घेतले.

ब्रेकच्या बाबतीत मात्र फसगत झाली. एका मेकॅनिकने जुने कँटिलिव्हर ब्रेक तसेच ठेवून नंतरच्या प्रकारच्या व्ही-ब्रेकचे लिव्हर बसवून दिले. लिव्हर दगडासारखं कडक आणि सायकल थांबेना, कारण व्ही-ब्रेकचं लिव्हर जास्त तार ओढतं आणि ताकद कमी देतं. गंगापूर धरणाकडच्या उतारावर काटेरी झुडपात शिरून थांबलो. जुने लिव्हर साफ करून परत लावले, त्यानंतर तक्रार नाही.

छाटणीच्या दिवसांत द्राक्षबागांच्या बांधावरून जात असाल तर खाली पडलेल्या काड्यांकडे लक्ष ठेवा, एक काडी मागच्या डिरेलरमध्ये गेली की हँगर (डिरेलर ज्यावर लटकतो तो तुकडा) वाकलाच. तिथेच एका शेतकरी काकांनी सायकल थांबवून विचारलं, "हिची खालची नळी तुटली का हो?" मी चेन उचलून दाखवली. त्यांनी खाली बसून नीट पाहिलं आणि म्हणाले, "गाळात बरं आहे हे."

वेल्डिंगच्या जागी मी आता मुद्दाम पांढरा रंग दिला आहे, नवी चीर पडली तर लगेच दिसावी म्हणून. दर रविवारी धुतल्यावर तिथे बोट फिरवून पाहतो. फेब्रुवारीपर्यंत काही नाही. जूनच्या आधी १.९५ इंच रुंदीची टायर काढून १.७५ची टाकणार आहे, म्हणजे चिखलाला कडेने निघायला आणखी वाट मिळेल.