चाटण वीट: नुसत्या कडब्यावरच्या जनावराला द्या, पेंड खाणाऱ्या गाईला नको

उन्हाळ्यात दावणीला नुसता ज्वारीचा कडबा किंवा भाताचा पेंढा असेल, तर युरिया-मळीची (मळी म्हणजे मोलॅसिस) ३ किलोची चाटण वीट घ्यायला हरकत नाही. लसूणघास आणि सरकी पेंड पोटभर मिळणाऱ्या गाईला मात्र ती देऊ नका. तिच्या कोटीपोटात (चारा आंबतो तो पोटाचा मोठा कप्पा) अमोनिया आधीच भरपूर असतो. वरून युरिया म्हणजे आणखी अमोनिया, यकृताला फुकटचा ताप.

कडब्या-पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३-५ टक्के. तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजन मिळेना की त्यांची वाढ खुंटते, चारा कोटीपोटात पडून राहतो आणि जनावर वैरणीला तोंड लावत नाही. प्रचलित सूत्रात मळी ४५, युरिया १५, खनिज मिश्रण १५, सरकी पेंड १० आणि मीठ ८ टक्के असतं; बाकी कॅल्साइट (चुनखडीची भुकटी) व बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती). दिवसाला ४०० ग्रॅम चाटली तर ६० ग्रॅम युरिया पोटात जातो, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम प्रथिनांइतका नायट्रोजन. मळी त्या जिवाणूंना लगेच ऊर्जा पुरवते.

'मिथेन घटतो' हे विक्रेत्याचं सांगणं अर्धंच खरं. तंतू आंबताना सुटणारा हायड्रोजन वापरून मिथेनजनक सूक्ष्मजीव मिथेन बनवतात आणि तो ढेकरेतून बाहेर पडतो. वीट त्यांना मारत नाही. बोव्हेअरसारखं पूरक मिथेन बनवणाऱ्या एन्झाइमवर थेट घाला घालतं, विटेत तसलं काही नाही. वीट दिल्यावर जिवाणू वाढतात, दूध वाढतं, त्यामुळे लिटरमागे मिथेन कमी पडतो. खाणं वाढल्यामुळे दिवसाचा एकूण मिथेन तेवढाच राहील, कदाचित थोडा वाढेलही.

विकत घेताना अंगठा दाबून बघा. खळगा पडला तर वीट मऊ आहे. जनावर चाटणार नाही, लचके तोडेल आणि एका दमात नको तेवढा युरिया खाईल. चांगली वीट आठवडाभर पुरते. मोडलेल्या कडेला युरियाचे पांढरे दाणे दिसले तर मिश्रण नीट झालेलं नाही, परत करा. घरी थंड पद्धतीने, म्हणजे मिश्रण न तापवता, पाडलेल्या विटांत हा दोष असू शकतो.

उपाशी जनावरापुढे वीट ठेवू नका. आधी वैरण, मग वीट; सुरुवातीला थोडाच वेळ, आठवडाभरात हळूहळू वाढवा. पाणी कायम समोर हवं. सहा महिन्यांखालची वासरं आणि घोडा-गाढव यांच्यापासून ती लांबच ठेवा. गव्हाणीवर छप्पर नसेल तर पावसाळ्यात वीट उचला: तिच्यावर साचलेलं पाणी म्हणजे युरियाचं द्रावण, ते प्यायलेलं जनावर दगावू शकतं. तोंडाला फेस, पोटफुगी, अंगाला कंप दिसला की ताबडतोब डॉक्टरांना बोलवा आणि ते येईपर्यंत व्हिनेगर हाताशी तयार ठेवा.