ऑक्टाव्हिया आरएस २३० साठी २०० सेलचा हाय-फ्लो कॅट: पार्ट उत्तम, कस लागतो तो जोडणीचा

निकाल आधीच सांगून टाकतो. २ लिटर टर्बो पेट्रोल (टीएसआय) इंजिनाच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० ला २०० सेलच्या मेटॅलिक कॅटचा ३ इंची डाउनपाइप बसवणं हे पैसे वसूल होणारं काम आहे. कॅट म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि डाउनपाइप म्हणजे टर्बोपासून धूर मागे नेणारा पाइप. अटी दोनच: ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) ट्यूनिंग सोबत करून घ्यायचं आणि आर्गन वेल्डिंग करणारा माणूस पारखून घ्यायचा. यातली एकही जमणार नसेल तर कंपनीचा कॅट आहे तिथेच राहू द्यावा. बिनटर्बोच्या गाडीला हा खर्च करूच नये; आवाज वाढेल, ओढ जवळपास तेवढीच राहील.

टर्बो गाडीत फरक का पडतो? टर्बाइनचं चाक फिरतं ते आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर. नंतरचा दाब कमी झाला की तोच टर्बो लवकर फिरू लागतो. कंपनीच्या कॅटमध्ये एका चौरस इंचाला साधारण ४०० ते ६०० छिद्रं, म्हणजे सेल, असतात. २०० सेलमध्ये छिद्रं मोठी आणि भिंती पातळ पत्र्याच्या, त्यामुळे वाट मोकळी होते. पत्रा पातळ असल्यामुळे तो तापतोही लवकर. कॅट साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला कामाला लागतो, म्हणून तो टर्बोच्या जितका जवळ तितका बरा. गाडीच्या पोटाखाली मागे सरकवलेला कॅट सकाळच्या पहिल्या फेरीत बराच वेळ नुसता पाइप असतो.

तोटाही तितकाच खरा. छिद्रं कमी म्हणजे प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा थर बसायला जागा कमी, आणि ऑक्सिजन साठवणारं सिरियमचं ऑक्साइडही कमी. ते कमी पडलं की कॅटमागच्या ऑक्सिजन सेन्सरची स्कॅनरवरची रेषा पुढच्या सेन्सरसारखी वरखाली नाचू लागते आणि पी०४२० हा ‘कॅट कमी पडतोय’ असं सांगणारा कोड येतो. म्हणून विकत घेताना हॉर्सपॉवरचे आकडे बाजूला ठेवा आणि विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: आतल्या गाभ्याचा व्यास आणि लांबी किती, आणि धातूचा थर किती ग्रॅम. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल तर तो माल घेऊ नका. १०० सेलचा कॅट रस्त्यावरच्या गाडीला नकोच. त्यातून वायू इतका भरकन निघून जातो की थराला काम करायला वेळच मिळत नाही.

सोलापुरात हे काम दोन पद्धतीनं होतं. एक, तयार डाउनपाइप मागवून नुसता बोल्टवर बसवणं. दोन, सुटा कॅट आणून ३०४ स्टेनलेसच्या पाइपात इथेच वेल्ड करून घेणं. पहिली पद्धत महाग आणि सोपी. दुसरीला आपल्याकडे चांगले हात आहेत, कारण जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांमुळे स्टेनलेसची पाइपलाइन जोडणारे वेल्डर इथे तयार झाले आहेत. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत अशा कामाचा माणूस मिळतो. मात्र त्याला गाडीच्या सेन्सरची माहिती असेलच असं नाही, तेव्हा गाडीचा मिस्त्री त्याच्या शेजारी उभा हवा.

इथे बनवायचं असेल तर माल असा घ्यावा: ७६ मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर जाडीचा ३०४ पाइप, आत इंटरलॉक लायनर (जाळीखालचं धातूचं अस्तर) असलेला फ्लेक्स, म्हणजे पाइपातला लवचिक तुकडा, आणि टर्बोकडचा व्ही-बँड फ्लँज (क्लॅम्पनं जोडायची गोल कड) तयार, मशीनवर कापलेला. हा फ्लँज हातानं घासून बनवू देऊ नका, तिथे केसाएवढी फट पुढचं सगळं बिघडवते. फ्लेक्स वाचवायचा मोह होतो, पण इंजिन आडवं आहे आणि गिअर टाकताना ते पुढेमागे झुलतं. फ्लेक्स नसेल तर तो ताण थेट फ्लँजजवळच्या वेल्डवर येतो आणि तिथेच चीर जाते.

वेल्डिंगसाठी ३०८ एलची तार आणि आतूनही आर्गन. बहुतेक ठिकाणी नेमकं हेच टाळलं जातं. पाइपाची दोन्ही तोंडं ॲल्युमिनियम फॉइलनं बंद करून आत हलका आर्गन सोडला नाही, तर सांध्याच्या आतल्या बाजूला काळी, खरखरीत खपली धरते. बाहेरून वेल्ड चांदीसारखा सुबक दिसतो, आत बोट घातलं की कोळशाची कणी लागते. गरम-थंड होताना ती सुटते आणि सरळ कॅटच्या तोंडावर जाऊन बसते. काम ताब्यात घेण्याआधी मोबाइलचा टॉर्च पाइपात टाकून सांधा बघा. आतून फिकट सोनेरी किंवा निळसर रंग दिसला तर काम नीट झालंय. राखाडी-काळा खडबडीतपणा दिसला तर परत करायला सांगा, लाजू नका.

सेन्सरचा नट १८ मिलिमीटर, दीडच्या आट्याचा असतो. तो पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात हवा, सेन्सर आडव्यापासून किमान १० अंश वर उचललेला. खालच्या बाजूला बसवला तर थंड इंजिन सुरू झाल्यावर साचणारं पाणी गरम सेन्सरवर येतं आणि आतलं सिरॅमिक तडकतं. कॅटवरचा बाण वायूच्या दिशेनं आहे ना, हे वेल्डच्या आधी बघा. गाडीवर फक्त टाके मारायचे, तेही बॅटरी सोडून आणि सेन्सर काढून. पूर्ण वेल्डिंग टेबलावरच.

उतरवणं आणि चढवणं मिळून लिफ्टवर ४ ते ६ तासांचं काम आहे. जॅकवर करू नये. आदल्या रात्री सगळ्या नटांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सेन्सर इंजिन कोमट असताना २२ नंबरच्या खाचेच्या गोटी पान्यानं काढा. थंडगार असताना जोर लावला तर आट्या सोलतात. जुना व्ही-बँड क्लॅम्प आणि गॅस्केट परत वापरू नका. नवा पाइप सगळीकडे आधी सैल अडकवायचा, मागच्या रबरांवर ताण येतो का ते बघायचं आणि मग टर्बोकडून मागे कसत जायचं. व्ही-बँड कसताना रबरी हातोडीनं त्याच्या घेरावर ठोकत राहावं, तरच तो सगळीकडून सारखा बसतो. सेन्सर ४० ते ६० न्यूटन-मीटरला कसावा. ग्रीस फक्त आट्यांना, टोकाला थेंबही नको. सांध्यावर सिलिकॉन लावणारा मिस्त्री भेटला तर तिथेच थांबवा, सिलिकॉनची वाफ सेन्सर मारते.

ड्राइव्हशाफ्टचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) रबरी बूट आणि वायरी यांच्यापासून पाइप किमान २५ मिलिमीटर लांब हवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि सिग्नलवर उभ्या गाडीखाली वारा नसतो. कंपनीची उष्णतारोधक पत्र्याची ढाल काढून टाकणाऱ्यांची बूटं याच दिवसांत फाटतात. ढाल बसत नसेल तर कापून बसवा, पण बसवाच.

पहिल्यांदा सुरू केल्यावर रेस देऊ नका. सुटा कॅट सिरॅमिकचा असेल तर त्याच्याभोवतीची चटई उष्णतेनं फुगून गाभ्याला घट्ट धरते. त्याआधी जोर दिला तर गाभा हलतो आणि पुढे खुळखुळतो. गाडी निष्क्रिय वेगावर (आयडलला) तापवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे नट परत कसा. मग इंजिन परत सुरू करून सायलेन्सरच्या तोंडाला जाड कापड दाबून धरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. पुढच्या सेन्सरच्या आधी गळती असेल तर धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं आणि तो जास्त सोडतो. ते जास्तीचं पेट्रोल कॅटमध्ये जळतं. नवा कॅट वितळण्यामागे बहुतेकदा हीच गळती असते, नाहीतर मिसफायर किंवा तेल खाणारं इंजिन. म्हणून स्पार्क प्लग आणि कॉइल आधी तपासा, कॅट नंतर बसवा.

ट्यूनिंगनंतरची चाचणी तुळजापूर रस्त्यावर चांगली होते: सपाटीला एकसारखा वेग मिळतो आणि शेवटी घाटात इंजिनावर भार येतो. स्कॅनरवर बूस्ट (टर्बोचा दाब), फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती वाढवतो-घटवतो ते) आणि दोन्ही सेन्सर नोंदवून ठेवा. ट्रिम कायम अधिकच्या बाजूला झुकलेला असेल तर ट्यूनिंगला दोष देण्याआधी गळती शोधा.

पीयूसी गाडी १५-२० मिनिटं चालवून गरम असतानाच करा. बीएस-४ पेट्रोलला निष्क्रिय वेगावर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. २५०० आरपीएमला कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के, आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ०.९७ ते १.०३. चांगला २०० सेलचा कॅट या मर्यादेत बसतो. मागच्या सेन्सरला स्पेसर (त्याला धुरापासून लांब ठेवणारा तुकडा) लावून कोड लपवला तरी पीयूसीची नळी सायलेन्सरात जाते, तिथे काही लपत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि वॉरंटीचा दावाही यात अडकतो, हे माहीत असूनच हात घाला. कॅट पूर्ण काढून सरळ पाइप टाकणं मात्र कोणत्याही हिशोबानं चूक आहे. धूर आपल्याच गल्लीत राहतो.

शेवटचं, काम संपल्यावर जुना कॅट मागून घ्या. त्यातल्या धातूंमुळे भंगारवाला त्याला चांगला भाव देतो, म्हणून ‘ठेवा इथेच, मजुरीत कमी करतो’ असं सांगितलं जातं. देऊ नका. गाडी विकताना किंवा आरटीओत उभी करताना तोच परत लावावा लागतो. तोंडांना कापड बांधून कोरड्या जागी ठेवा, जुने बोल्टही त्याच पिशवीत.