कपड्यांचे रंग बदलण्यासाठी गिंप ३.०: एका डाळिंबी झग्याचा अनुभव

स्कायरिमसारख्या गेममध्ये पात्रांच्या अंगावरचे कपडे आपल्या आवडीच्या रंगात पाहायचे असतील, तर नवीन त्रिमितीय आकृती घडवावी लागत नाही. कपड्यावर गुंडाळलेले चित्र, म्हणजे टेक्स्चर, बाहेर काढायचे, त्याचे रंग बदलायचे आणि त्याच नावाने गेमच्या फोल्डरमध्ये ठेवायचे, एवढेच काम असते. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या भाचीने दिवाळीच्या सुट्टीत हा घाट घातला आणि त्यासाठी आम्ही गिंप ३.० वापरले. चित्रे संपादित करण्याचा हा मोफत आणि मुक्त प्रोग्राम १९९६ पासून उपलब्ध आहे आणि त्याची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. दोन आठवड्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की रंगकामासाठी तो उत्तम आहे, मात्र कोणत्या टप्प्यावर कोणता फाइल फॉरमॅट वापरायचा याची समज आपल्याकडे असावी लागते, कारण ती निवड प्रोग्राम आपल्यासाठी करत नाही.

भाचीला गेममधल्या एका करड्या झग्याला तिच्या आजीच्या साडीचे रंग द्यायचे होते: डाळिंबी अंग, मोरपंखी काठ आणि त्या दोहोंच्या मध्ये जरीची एक बारीक रेघ. लक्ष्मी रस्त्यावरून लग्नासाठी घेतलेली ती साडी अजून कपाटात आहे. तिचा फोटो एका मेसेजिंग अॅपवरून माझ्याकडे आला आणि त्यातूनच रंग उचलायचे आम्ही ठरवले. पहिली चूक तिथेच झाली, कारण तो फोटो जेपीईजी फॉरमॅटमध्ये होता. जेपीईजीमध्ये प्रकाशाचा तपशील बऱ्यापैकी जपला जातो, पण रंगाचा तपशील बहुतेक वेळा रुंदी आणि उंची दोन्हीकडे निम्म्यावर आणला जातो. शिवाय चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन वेगळा दाबला, म्हणजे कमी जागेत बसवला, जातो. आठशे टक्के मोठे करून पाहिल्यावर जरीच्या दोन्ही बाजूंना तांबूस धूर पसरल्यासारखा दिसत होता आणि ड्रॉपरने, म्हणजे चित्रातला रंग टिपणाऱ्या साधनाने, उचललेला रंग ना डाळिंबी होता, ना सोनेरी. मग फोनमधला मूळ फोटो केबलने घेतला आणि ड्रॉपरला एका पिक्सेलऐवजी आसपासच्या पिक्सेलची सरासरी घ्यायला लावली, तेव्हा कुठे आजीने मान्य केलेला डाळिंबी मिळाला.

रंग चढवण्याच्या बाबतीत मात्र गिंपचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. मूळ कापड करडे असल्यामुळे ह्यू-सॅच्युरेशनमधला ह्यूचा, म्हणजे रंगछटेचा, दांडा कितीही सरकवला तरी काही फरक पडत नव्हता, कारण करड्यात फिरवायला रंगच नसतो. त्यासाठी झग्याच्या चित्रावर डाळिंबी रंगाचा वेगळा लेअर, म्हणजे थर, घेऊन त्याचा खालच्या चित्रात मिसळण्याचा मोड मल्टिप्लाय केला आणि मल्टिप्लायने सगळेच गडद होते म्हणून खालचे करडे चित्र लेव्हल्स या उजेड कमीजास्त करण्याच्या साधनातून आधी उजळून घेतले. चुण्यांच्या सावल्या आणि शिवणीच्या रेघा मूळ चित्रातच रंगवलेल्या असल्याने त्या आपोआप डाळिंबीतून वर आल्या आणि कापड खरे वाटू लागले. ३.० आवृत्तीत असे बहुतेक बदल लेअरवर फिल्टर म्हणून टिकून राहतात, त्यामुळे आजीने दुसऱ्या दिवशी "जरा काळसर झालाय गं" म्हटल्यावर आम्हाला नव्याने काही करावे लागले नाही. तोच फिल्टर उघडून आकडा बदलला.

हे सगळे टिकते ते फक्त गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये. गिंपमध्ये सेव्ह म्हणजे एक्ससीएफ आणि बाकी प्रत्येक फॉरमॅटसाठी एक्सपोर्ट, हा भेद नवख्याला सुरुवातीला जाचक वाटतो, पण मला तो शहाणपणाचा वाटला. मधल्या देवाणघेवाणीसाठी पीएनजी वापरावा, कारण त्यात एकही पिक्सेल बदलत नाही. फक्त पारदर्शक भाग असेल तर एक्सपोर्ट करताना पारदर्शक पिक्सेलखालचे रंग जपण्याचा पर्याय चालू ठेवावा, नाहीतर गेममध्ये कपड्याच्या कडेला नको त्या रंगाची किनार उमटू शकते.

शेवटचा टप्पा डीडीएसचा, म्हणजे गेमच्या टेक्स्चरसाठीच्या फॉरमॅटचा, आणि आमचे खरे शिक्षण तिथे झाले. स्कायरिमला कपड्यांची टेक्स्चर डीडीएसमध्येच लागतात, कारण ग्राफिक्स कार्ड ती दाबलेल्या अवस्थेतच वापरू शकते, तर पीएनजी आधी पूर्ण उलगडावा लागतो. दोन हजार अठ्ठेचाळीस पिक्सेलच्या चौरस टेक्स्चरला न दाबता १६ एमबी लागतात, दाबण्याच्या पद्धतींपैकी डीएक्सटी५ मध्ये ४ एमबी आणि डीएक्सटी१ मध्ये अवघे २ एमबी. भाचीने साहजिकच सगळ्यात लहान निवडले आणि गेम चालू झाल्यावर विचारले, "मामा, हा काठ असा मळकट का दिसतोय?"

याचे कारण डीएक्सटी१ च्या रचनेत आहे. चार गुणिले चार पिक्सेलच्या प्रत्येक चौकोनासाठी तो दोनच रंग साठवतो आणि उरलेले दोन त्यांच्या मधल्या छटांमधून काढतो. ते दोन रंगही लाल आणि निळ्याच्या ३२ आणि हिरव्याच्या ६४ पायऱ्यांवरच बसवावे लागतात. डाळिंबीकडून काळ्याकडे जाणारी सावली यात निभावून जाते, पण एकाच चौकोनात डाळिंबी, सोनेरी आणि मोरपंखी असे तीन वेगळे रंग आले की त्यातल्या एकाचा बळी जातोच. आमच्या बाबतीत तो जरीचा गेला. डीएक्सटी५ घेऊन यात काही सुधारणा होत नाही, कारण त्याची जादा जागा पारदर्शकतेसाठी असते. रंगाचा भाग तसाच दाबला जातो. मुक्काम ४ एमबीवरच करायचा तर बीसी७ ही दुसरी पद्धत घ्यावी, तिच्यात एका चौकोनात वेगवेगळ्या रंगांचे गट सांभाळता येतात. मात्र ती विंडोजच्या डायरेक्टएक्स ११ या ग्राफिक्स प्रणालीबरोबर आलेली असल्यामुळे स्कायरिमच्या २०१६ च्या स्पेशल एडिशनमध्ये चालते, २०११ च्या मूळ स्कायरिममध्ये नाही. बीसी७ साठी मी गिंपमधून पीएनजी काढून विंडोजवरच्या पेंट डॉट नेट या चित्र-प्रोग्राममध्ये नेला. त्याच्या संकेतस्थळावरून तोही मोफत मिळतो.

डीडीएस काढताना मिपमॅप, म्हणजे दुरून पाहताना वापरायच्या त्याच चित्राच्या लहान प्रती, तयार करण्याचा पर्याय निवडायला विसरू नये. त्यामुळे फाइल सुमारे एक तृतीयांशाने वाढते, पण त्या नसतील तर पात्र दूर गेले की काठावरची नक्षी मुंग्या धावल्यासारखी वळवळते.

आणखी एक फटका मी स्वतः ओढवून घेतला. काठावरची मूळ उठावदार वेलबुट्टी काढण्यासाठी मी नावाच्या शेवटी एन असलेली नॉर्मल मॅपची, म्हणजे पृष्ठभागाचे उंचसखलपण सांगणाऱ्या चित्राची, फाइल उघडली आणि ती डीएक्सटी१ मध्ये काढली. स्कायरिममध्ये कापड किती चकाकावे हे त्या फाइलच्या अल्फा चॅनेलमध्ये, म्हणजे रंगांव्यतिरिक्तच्या चौथ्या थरात, असते, आणि तोच मी टाकून दिला होता. गेममध्ये भर उन्हात उभी असलेली झगेवाली बाई जुलैमध्ये रेनकोट घालून डेक्कनला उभी असल्यासारखी चकाकत होती. केवळ रंग बदलायचे असतील तर या फाइलला हात लावू नये.

प्रत्येक गेमला एवढा खटाटोप लागत नाही. माइनक्राफ्टची स्किन, म्हणजे पात्राच्या अंगावरचे चित्र, चौसष्ट पिक्सेलच्या चौरसाची पीएनजी असते. न दाबताही ती १६ केबीच भरते, तिथे डीडीएसचा विचार करायचे कारणच नाही.

पाचपैकी चार तारे मी गिंपला देईन. पाचवा राखून ठेवला आहे, कारण डीडीएसच्या एक्सपोर्ट खिडकीत समोर येणारी संक्षिप्त नावे वाचून पहिल्यांदाच बसलेल्या माणसाला काहीही बोध होत नाही. भाचीच्या ८ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर काम विनातक्रार झाले. आता तिला त्याच झग्याची नऊवारी करून हवी आहे. पण काष्टा रंगवून येत नाही, त्यासाठी आकृतीच बदलावी लागते, म्हणून सध्या आम्ही ब्लेंडर हा त्रिमितीय आकृत्यांचा प्रोग्राम उतरवून घेत आहोत.