बिटकॉइनच्या सहीचा साचा: आठ महिने वापरून

देवगडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मस्कतच्या भावोजींनी आणि मी मिळून थोडे बिटकॉइन घेतलेत, किल्ली, म्हणजे ते खर्च करायला लागणारा गुप्त आकडा, माझ्याकडे. दर महिन्याला मी एक मजकूर लिहून त्या किल्लीने डिजिटल सही करतो (मजकूर आणि किल्ली यांवरून गणिताने निघणारी अक्षरांची माळ) आणि पाठवतो. किल्ली शाबूत आहे एवढं त्यांना कळतं, पैसे हलवावे लागत नाहीत.

सुरुवातीला मजकूर, बिटकॉइनचा पत्ता (खाते क्रमांकासारखा), सही असं तिन्ही व्हॉट्सॲपवर सुटं टाकायचो. निम्म्या वेळा भावोजींकडे ‘सही चुकीची’. कारण शेवटी चिकटून गेलेली एक स्पेस. सहीच्या लेखी रिकामी जागासुद्धा अक्षरच!

मग चौकटीचा साचा धरला: पाच डॅश, ‘बिगिन बिटकॉइन साइन्ड मेसेज’, खाली मजकूर, मग ‘बिगिन सिग्नेचर’, पत्ता, सही आणि ‘एंड’. कल्पना पीजीपीची (ईमेल कुलूपबंद करायच्या, सही करायच्या जुन्या प्रोग्रामची), उसनी घेतलेली. मजकूर कुठून कुठवर हे दिसतं, म्हणून भांडण निम्मं मिटलं. निम्मंच, कारण आमच्या वॉलेटात (बिटकॉइन सांभाळणाऱ्या ॲपमध्ये) तीन खाने वेगळे, चौकट हाताने फोडावीच लागते.

आंब्याच्या ऐन गडबडीत एकदा पुन्हा सही फसली. मजकुरात ‘दुसऱ्या हप्त्याचे’ होतं. भावोजींनी तो कॉपी न करता फोनवर स्वतः टाइप केला होता. तासभर फोन चालला.

“अहो भावोजी, अक्षरन् अक्षर तेच आहे!”

तेच नव्हतं. ‘ऱ’ एका कोडाचाही असतो आणि र अधिक नुक्ता (खालचा ठिपका) असा दोन कोडांचाही. डोळ्यांना फरक दिसत नाही, हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा आणि सहीत वापरला जाणारा आकडा, मात्र बदलतो. तेव्हापासून मी ‘ऱ’ येणारे शब्दच टाळतो. मराठी माणसाला हे किती जड जातं ते लिहून बघा.

दुसरी कटकट सहीच्या पहिल्या बाइटची. सही ६५ बाइटची, बेस६४ मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) ८८ अक्षरं, शेवटी बरोबरचं चिन्ह. पत्ता कोणत्या प्रकारचा ते पहिल्या बाइटमधला आकडा सांगतो. बीसी१क्यूने सुरू होणाऱ्या नव्या प्रकारच्या पत्त्यासाठी माझं वॉलेट जुन्या प्रकाराचाच आकडा घालतं, म्हणून सही एच किंवा आय या इंग्रजी अक्षराने सुरू होते. बीआयपी १३७ या प्रस्तावाप्रमाणे (बीआयपी म्हणजे बिटकॉइनमधल्या सुधारणांचे क्रमांक दिलेले प्रस्ताव) ती जे किंवा केने सुरू व्हायला हवी. भावोजींनी वॉलेट बदललं आणि माझी खरी सही तिथे खोटी ठरली. टॅप्रूट या त्याहून नव्या प्रकारचे पत्ते तर या जुन्या प्रकारात बसतच नाहीत, त्यांना बीआयपी ३२२ लागतं.

हल्ली मजकुरात त्या दिवशीच्या ताज्या ब्लॉकचा (बिटकॉइनच्या व्यवहारवहीतल्या नव्या पानाचा) हॅशही घालतो, तो आधी कुणालाच माहीत नसतो. नाहीतर बारा सह्या आधीच करून ठेवल्या असतील, अशी शंका भावोजींनीच काढली होती. माणूस बँकेतून रिटायर झालेला.