जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट एक्सएफसीई : सात-आठ महिन्यांचा अनुभव आणि एका 'ल'ची कटकट

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात लॅपटॉप दाखवला तर गड्यानं झाकण पण नीट उघडलं नाही, म्हणाला ह्यात काय राहिलं नाय, नवीन घ्या. नवीनचा आकडा ऐकून मी गप्पच झालो. मग म्हणतो, नाहीतर पाचशे द्या, विंडोज 11 च्या अटी बायपास करून ते टाकून देतो. अरे बाबा, तिसऱ्या जनरेशनचा आय3 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, त्यात ती फिरणारी हार्ड डिस्क, त्याच्यावर 11 टाकून ते नुसतं गोल गोल फिरताना बघायचं का मी? विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, नाव नोंदवलं तर वर्षभराची जादा मुदत मिळत होती, पण ती पण 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच, पुढं परत तेच. 11 ला ऑफिशियली इंटेलची आठवी जनरेशन आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे आमचं मशीन दारातच अडकलं. म्हटलं दिवाळीच्या तोंडावर तीस-पस्तीस हजार घालवण्यापेक्षा विंडोजच्या जागी लिनक्स टाकून बघू, पैसे तर लागत नाहीत.

लिनक्सचे बरेच प्रकार असतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. पहिल्यांदा त्यातलं ल्युबंटू टाकलं, कारण जो तो तेच सांगतो, हलकं हलकं. आहेच हलकं, त्यात वाद नाही. पण त्यात फायरफॉक्स स्नॅपमधून (सगळं सामान एकत्र बांधलेल्या जड पॅकेजमधून) येतो आणि फिरणाऱ्या डिस्कवर मशीन चालू केल्यावर पहिल्यांदा तो उघडायला इतका वेळ घ्यायचा की आण्णा दोनदा-तीनदा क्लिक करायचे आणि मग सगळ्या खिडक्या एकदम उघडायच्या. (आण्णा म्हणजे माझे वडील, मशीन खरं त्यांच्यासाठीच, मी रात्री वापरतो.) शिवाय ल्युबंटू 24.04 चा सपोर्ट तीनच वर्षं, एप्रिल 2027 ला परत नवीन टाकायचं आलं. लिनक्स मिंट नावाच्या दुसऱ्या डिस्ट्रोच्या 22 चा 2029 पर्यंत आहे, स्नॅप त्यात बंदच ठेवलेलं असतं, फायरफॉक्स साध्या पॅकेजमधून येतो. बस्स, एवढ्यावर मिंट. मिंटचं सिनॅमन रूप दिसायला देखणं आहे पण 4 जीबीत मी हलकं एक्सएफसीईच घेतलं. मशीन 32 बिटचं असेल तर मात्र मिंटच्या नादाला लागू नका, 20 व्या आवृत्तीपासून त्यांनी ते बंद केलंय, तिथं अँटीएक्स डिस्ट्रो बघा.

टाकायचं कसं ते सगळीकडं सापडतं, मी सांगत बसत नाही. एकच सांगतो, पेनड्राइव्हवरनं लाईव्ह (म्हणजे डिस्कवर न टाकता) चालवून आधी वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं बघून घ्या. माझं वायफाय लाईव्हमध्ये दिसतच नव्हतं. फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग (फोनचं नेट मशीनला) चालू केलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्यानं स्वतःच ड्रायव्हर सुचवला, रीस्टार्ट केलं, झालं. हे माहीत नसलेला माणूस तिथंच हात टेकतो आणि लिनक्सला शिव्या घालत परत त्या दुकानात जातो.

आता स्पीड. पहिले दोन महिने मी भेटेल त्याला सांगत होतो की मिंटनं मशीन पळायला लागलं. मग जुनी डिस्क कुरकुरायला लागली म्हणून 240 जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली आणि माझं मत बदललं. आमच्या भिशीतल्या एकाचं जवळजवळ असलंच मशीन आहे, त्याच्याकडं एसएसडीवर ल्युबंटू आहे, ते पण तेवढंच पळतंय. त्यामुळं आता कुणी विचारलं तर मी आधी एसएसडी म्हणतो, डिस्ट्रो मागनं. लॉगिन झाल्यावर नुसतं मशीन एक जीबीच्या आतच रॅम खातं, उरलेली ब्राउझर खातो, त्याला कुठलाच डिस्ट्रो काही करू शकत नाही. यूट्यूब अडखळत असेल तर एच264इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाका. ह्या जुन्या ग्राफिक्सला व्हीपी9 पद्धतीचा व्हिडिओ झेपत नाही, एच264 चा झेपतो, 720 वर कीर्तन छान चालतं आण्णांचं.

आणि आता तो 'ल'.

आण्णा आयुष्यभर छापखान्यात कंपोझिटर, खिळे जुळवून हयात गेली. पहिल्याच दिवशी मी कौतुकानं मराठी बातम्यांचं पान उघडून दिलं तर चष्मा वर करून म्हणाले, "ह्यो ल आपला न्हाई." मला काय कळेना. मग बोटानं दाखवलं. मराठीत पाकळीचा ल असतो, दोन्ही बाजूंना सारख्या पाकळ्या, आणि स्क्रीनवर होता तो हिंदीतला दांड्याचा. श चं पण तेच. म्हटलं आण्णा, वाचता येतंय की. तर म्हणे वाचता गुजरातीपण येतं. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी परत. मशीन फुकटात जिवंत केलं त्याचं काही नाही, ल वर अडून बसले.

शेवटी मीच ईर्षेला पेटलो. भानगड अशी आहे की युनिकोडमध्ये (अक्षरांना नंबर द्यायच्या पद्धतीत) दोन्ही ल ना एकच नंबर आहे, कुठला दाखवायचा ते फॉन्ट ठरवतो, आणि फॉन्टमध्ये दोन्ही असले तर तो मजकुराची भाषा बघतो. माझ्याकडं लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखंच, फुकट) ती भाषा हिंदी लागून बसली होती. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा मराठी केली, फॉन्ट नोटो ठेवला, आणि समोर उघडलेल्या नोटिशीत सगळे ल एकदम बदलले. वेबसाइटींचं दुखणं वेगळं, ज्यांनी पानावर भाषा मराठी लिहिलेलीच नसते तिथं परत दांड्याचा येतो. त्याला लोहित मराठी नावाचा फॉन्ट वेगळा मिळतो, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच आहे, तो टाकून फायरफॉक्सच्या फॉन्ट सेटिंगमध्ये देवनागरीसाठी निवडायचा. तरी काही साइटी स्वतःचा फॉन्ट लादतात, तिथं इलाज नाही. असं पान उघडलं की आण्णा अजून "च्" करतात.

टायपिंगचं मात्र सुख आहे. कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरीचा ठरलेला कीबोर्ड) जोडलं की झालं, वेगळं काही विकत घ्यायला नको. j वर र, शिफ्ट j वर ऱ, त्यामुळं 'तऱ्हा' आणि 'दुसऱ्या' नीट उमटतात. ज्यांना इंग्रजी स्पेलिंगनं मराठी टाइप करायची सवय आहे त्यांनी आयबस आणि एम17एन हे टायपिंगचे प्रोग्रॅम टाकावेत, त्यात मराठी फोनेटिक आहे, पण मोबाइलसारखे शब्द सुचवेल अशी अपेक्षा ठेवू नका.

कुणी घेऊ नये तेही सांगतो. टॅलीवर (हिशेबाचा प्रोग्रॅम) पोट असेल तर नको. जुन्या श्रीलिपीतल्या (युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या) फायलींचा ढीग असेल तर नको, नाहीतर आधी सगळ्या युनिकोडमध्ये करून घ्या. प्रिंटरचं पण बघा, अलीकडचे वायफायवाले न विचारता चालतात, पण जुने लेझर ज्यांचा सगळा कारभार विंडोजच्या ड्रायव्हरवर चालतो ते रडवतात. माझा तसलाच आहे. एक रविवार त्यात घालवला, अर्धं पान छापून थांबतोय. सोडून दिलं. आता पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं जातो, आणि तिथं पण वर्डची फाइल न्यायची नाही, कारण त्याच्या मशीनवर आपला फॉन्ट नसतो, दोन पानांची नोटीस तीन पानं होते आणि ल परत दांड्याचा. पीडीएफ करून न्यायची, त्यात फॉन्ट आतच बसलेला असतो. पानाला दोन रुपये घेतो, प्रिंटरच्या टोनरपेक्षा स्वस्तच पडतंय म्हणा.

बाकी अपडेट मॅनेजरच्या आधी टाइमशिफ्ट चालू करून ठेवा, बिघडलं तर मागं जाता येतं, मला अजून गरज पडली नाही. बॅटरी कधीच मेलेली, लाइट गेली की मशीन जागच्या जागी बंद होतं, तरी परत चालू केल्यावर फायली शाबूत असतात, हे मात्र मानलं. पाचपैकी चार देतो, एक त्या प्रिंटरमुळं कापला. आण्णांना विचारलं तर तीन म्हणाले, कशामुळं ते तुम्हाला कळलंच असेल. रॅम 8 जीबी करायचा विचार आहे, कुणाकडं लॅपटॉपची डीडीआर3 4 जीबीची स्टिक पडून असेल तर सांगा, फक्त नवीनच्या भावात सांगू नका.