वरून बसवायची बॉबिन: एक लग्नसराई आणि एक पावसाळा काढल्यावर

या नव्या शिलाई मशीनबद्दल लिहायचं मनात नव्हतं. पण सर्व्हिसवाल्याची व्हिजिट फी भरल्यापासून डोकं तापलंय. टाके किती, पिको होतो का, दिवा कुठे आहे, हे सगळं खोक्यावर छापलेलं आहे, तिथे वाचा. मी फक्त खालच्या दोऱ्याबद्दल आणि तो ज्या छोट्या रिळावर भरतात त्या बॉबिनबद्दल बोलणार. घरी ब्लाउज, परकर आणि अस्तराची कामं घेणाऱ्या बाईचा निम्मा जीव त्यातच अडकलेला असतो.

आधीचं माझं काळं पायमशीन. डावीकडची पट्टी सरकवायची, बॉबिनची लोखंडी डबी म्हणजे केस बाहेर काढायची, बॉबिन घालून परत खटकन बसवायची. नव्या मशीनमध्ये ती भानगडच नाही. पारदर्शक झाकण काढा, प्लास्टिकची बॉबिन वरून टाका, दोरा फटीतून ओढून घ्या, झालं. दोरा ओढल्यावर बॉबिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरली पाहिजे, एवढं मात्र बघायचं, नाहीतर टाका सैल पडतो. दोरा किती उरलाय ते झाकणातून दिसतं, याचं मला इतकं अप्रूप होतं की मजल्यावरच्या सगळ्या बायकांना बोलावून दाखवलं.

लग्नसराई आली आणि ते अप्रूप संपलं. अहो, शिवताना कापड त्या झाकणावरच पसरलेलं असतं! दिसणार काय, कपाळ? ऐन बाही जोडताना खालचा दोरा संपतो, मशीन आपलं चालूच. कापड उचलावं तर सुईने नुसती भोकं पाडत नेलेली. सुती कापडावर पाण्याचा हात फिरवला की ती बुजतात, रेशमी ब्लाउजपीसवर राहतात ती राहतातच. एवढे पैसे घेता, दोरा संपत आला की एक दिवा लावता येत नाही? आता मोठी शिवण घ्यायच्या आधी झाकणात डोकावते. तळ दिसायला लागला की ती बॉबिन कच्च्या टाचणीला. दोरा फुकट घालवायचा नाही.

बॉबिन भरण्याची तर वेगळीच रड. मशीनवरच्या भरणीत दोरा वरच्या अंगाला जास्त आणि खाली कमी बसतो, बॉबिन भोवऱ्यासारखी होते. अशी बॉबिन आत अडखळत फिरते आणि टीप मध्येच घट्ट, मध्येच सैल येते. दोरा वाटेतल्या छोट्या चकतीत नीट दाबला गेला नाही, तरीही पोकळ भरते. सुरुवातीला दोऱ्याचं टोक बॉबिनच्या भोकातून वर काढून धरायचं, चार वेढे पडले की कापून टाकायचं. आणि वेग निम्म्यावर ठेवायचा. पॉलिस्टरचा दोरा भरधाव भरला तर ताणला जातो, शिवणीत गेल्यावर आखडतो आणि अस्तराला चुण्या पडतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, ताई, कटिंग चुकलं वाटतं.

आता ती व्हिजिट. पावसाळ्यात कापडाखाली दोऱ्याची गुंतवळ व्हायला लागली. सर्व्हिसवाला आला, चहा घेतला आणि म्हणाला, "ताई, दोरा लोकल वापरता ना?" त्याच रिळाने काळ्या मशीनवर अख्खा अंगरखा शिवून झाला होता, तोही दाखवला. त्याने बॉबिन जिच्यात बसते त्या टोपलीचा स्क्रू आवळला, फी घेतली आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून गुंतवळ होतीच, वर खालचा दोरा तटातट तुटायला लागला.

शेवटी लालबागच्या एका जुन्या कारागिराकडे मशीन टॅक्सीत घालून नेलं. काकांनी टोपलीला हातही लावला नाही. "खाली फासे दिसतात ना, मग वरचा दोरा सैल आहे." कापड दाबणारा पाय उचलला, मलमलची घडी केलेली पट्टी वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या दोन चकत्यांमधून ओढली, आणि कधीचा अडकलेला मरून रंगाच्या दोऱ्याचा तुकडा धुळीच्या पुंजक्यासकट बाहेर आला. त्याच्यामुळे चकत्या मिटत नव्हत्या. मग टोपलीखालची धूळ ब्रशने काढली आणि आवळलेला स्क्रू पाव पाव फेरीने सोडवला. लोखंडी केस दोऱ्याला टांगून हलका झटका दिला की बेताने खाली उतरते, त्यावरून ताण कळतो. या टोपलीत ते नीट जमत नाही, बोटाने दोरा ओढूनच अंदाज घ्यायचा. काकांनी घेतले ते पैसे व्हिजिट फीच्या निम्मेही नव्हते.

त्यानंतर मशीनवरचा राग बराच उतरलाय. टीप खरोखर सुरेख येते, जॉर्जेटवरसुद्धा. राग आहे तो कंपनीवर. त्यांच्या पाकिटातल्या बॉबिनी इतक्या महाग की मी बाजारातल्या सुट्या आणते. फक्त उंची बघून घ्या. माझ्या मशीनला ११.५ मिमीची लागते, काही मशीनना ९.२ मिमीची, आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. काठावरून नख फिरवायचं. साच्याची कड लागली तर ती दुकानातच परत, कारण दोरा तिथेच अडकतो. पुस्तिकेत प्लास्टिकची सांगितली असेल तर लोखंडी घालू नका.

घ्यायला जाल तर दुकानदार भरलेली बॉबिन आधीच लावून झगझगीत नक्षी काढून दाखवेल. तुम्ही रिकामी बॉबिन आणि स्वतःचं रीळ घेऊन जा, आणि पैसे द्यायच्या आधी म्हणा, भाऊ, ही भरून दाखवा.