साडेचारशे घोडे आणि जर्मनीचा हिवाळा: समर टायरवर रेटायचं की नाही?

जर्मनीत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांनी हौसेने स्पोर्ट्स कार घेतली, वापरलेली का होईना, त्यांना सप्टेंबर संपता संपता एक प्रश्न गाठतोच. गाडी समर टायरवर आहे, आता हिवाळ्याचं काय? पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला ऋतू पाहून टायर बदलायची सवय नसते. नक्षी झिजली की टायर बदलायचे, एवढंच आपल्याला ठाऊक. त्यात नवा सेट महाग, म्हणून "जपून चालवू की" हा विचार पटकन मनात येतो.

उदाहरणाला दोन गाड्या घेऊ. एक २०२३ची बीएमडब्ल्यू एम२: ४६० पीएस (म्हणजे अश्वशक्ती), ५५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि सगळा जोर मागच्या दोन चाकांवर. दुसरी पोर्शे ९११ कॅरेरा, ९९२ पिढीच्या पहिल्या आवृत्तीतली: ३८५ पीएस, इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे. पर्याय चार आहेत: समर टायरवरच राहायचं, विंटरचा वेगळा सेट घ्यायचा, ऑल-सीझन बसवायचे, किंवा हिवाळाभर गाडी उभी ठेवायची. माझ्या मते या निवडीत गाडीची ताकद किंवा तुमचा हात किती बसलाय याला फारसं महत्त्व नाही. बर्फ पडलेल्या सकाळी गाडी घरी ठेवून एस-बानने, म्हणजे लोकल ट्रेनने, ऑफिसला जाता येतं का, यावर बहुतेक सगळं ठरतं.

समर टायरवरच राहायचं

आधी कायदा, कारण त्याबद्दल गैरसमज फार. जर्मनीत विंटर टायरची सक्ती तारखेवर नाही, रस्त्याच्या स्थितीवर आहे. जानेवारीत कोरड्या रस्त्यावर समर टायर चालतात. पण बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेलं दव किंवा बर्फाचा काचेसारखा थर असेल तर चालत नाहीत. पकडलं तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या खात्यात, म्हणजे चालकांच्या चुकांच्या केंद्रीय नोंदवहीत, एक पॉइंट. तुमच्यामुळे वाहतूक अडली तर ८० युरो. गाडी तुमच्या नावावर आहे आणि तुम्ही ती तशा रस्त्यावर दुसऱ्याला चालवू दिलीत, तर तुम्हाला मालक म्हणून ७५ युरो आणि पॉइंट वेगळा. अपघात झाला तर समोरच्याचं नुकसान तुमचा विमा भरतो, पण स्वतःच्या गाडीच्या कास्को विम्यात कंपनी निष्काळजीपणाचं कारण दाखवून रक्कम कापू शकते. सत्तर-ऐंशी हजार युरोंच्या गाडीला खरी भीती या कपातीची आहे, ६० युरोंची नव्हे.

आता रबर. समर टायरचं मिश्रण उन्हाळ्याच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं तसं हे रबर आतून कडक होत जातं आणि डांबरातल्या बारीक खाचांमध्ये दबून बसेनासं होतं. "७ अंशांखाली समर टायर नकोत" हे सगळीकडे ऐकू येतं, पण तो केवळ ठोकताळा आहे. चांगला समर टायर ३-४ अंशांना कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी थांबतो. खरी गडबड ओल्या थंड रस्त्यावर सुरू होते आणि बर्फावर तर कडेलोट होतो. हिशेब सोपा आहे: पकड निम्मी झाली की ब्रेकिंगचं अंतर दुप्पट. दाबल्या गेलेल्या बर्फावर विंटर टायरचा घर्षणांक ०.३च्या आसपास धरला, तर ताशी ५० किलोमीटरवरून थांबायला साधारण ३३ मीटर लागतात. समर टायरचा ०.१५ धरला तर ६६. म्हणजे विंटर टायरची गाडी जिथे थांबली, तिथून समर टायरची गाडी ताशी ३५ किलोमीटर वेगाने पुढे जात असते.

ताकदवान गाडीत याला आणखी एक फाटा फुटतो. एम२चा टर्बो इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांतच पूर्ण टॉर्क देतो. चार अंशांना ओल्या चौकातून डावीकडे वळताना पाय थोडा जास्त पडला की मागची चाकं सुटतात. ईएसपी (घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) गाडी सावरतो खरा, पण तो ब्रेक लावतो आणि इंजिनाचा जोर कापतो, एवढंच. नसलेली पकड तो कुठून आणणार? ९११च्या मागच्या चाकांवर इंजिनाचं वजन असल्यामुळे ती सुरुवातीला छान पुढे सरकते आणि माणसाला उगाच धीर येतो. पण पुढची बाजू हलकी असते आणि वळणावर थंड टायर सरळ जायचा हट्ट धरतात. ९९२ पिढीतला वेट मोड चाकांच्या कमानींतल्या संवेदकांनी पाण्याचा आवाज ऐकून रस्ता ओला आहे हे ओळखतो. इंजिनिअर म्हणून मला त्याचं कौतुक आहे. पण तो सूचना देतो, फारतर गाडी मवाळ करतो. रबर काही मऊ करत नाही. "माझी फोर-व्हील ड्राइव्ह आहे" या वाक्याचंही तसंच. बीएमडब्ल्यूची एक्सड्राइव्ह किंवा पोर्शेची कॅरेरा ४ निघायला मदत करते. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात, त्यामुळे थांबताना तिचा वेगळा फायदा नाही.

रेसट्रॅकसाठी बनवलेल्या 'कप' जातीच्या टायरवर गाडी असेल तर हा पर्याय वाचूच नका. त्यांना नक्षी जेमतेम असते आणि ते गरम झाल्याशिवाय नीट धरत नाहीत. ऑफिसच्या आठ किलोमीटरमध्ये ते गरम होत नाहीत.

एवढं सांगूनही समर टायरला माझा सरसकट नकार नाही. तुम्ही ऱ्हाईनच्या खोऱ्यात, कोलोन किंवा फ्रायबुर्गच्या सपाट भागात राहता, घरात दुसरी गाडी आहे आणि ही फक्त कोरड्या दुपारी बाहेर काढता? मग चालेल. हवेचा दाब मात्र तपासत राहा. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण ०.१ बारने उतरतो. आणि संध्याकाळी परत येईपर्यंत पारा शून्याखाली गेला तर गाडी तिथेच ठेवून ट्रेनने घरी यायची तयारी हवी. ही तयारी कितीजणांची असते, याबद्दल मला शंका आहे.

विंटरचा दुसरा सेट

रोज गाडी लागत असेल तर माझी निवड हीच, आणि रिमसकट. चार रिम वेगळे घेतले की वर्षातून दोनदा टायर रिमवरून उतरवावे लागत नाहीत, आणि मिठाचा मारा महागड्या उन्हाळी रिमवर होत नाही. आकार शक्य तितका अरुंद घ्या. रुंद टायर ताज्या बर्फावर आणि त्याच्या चिखलावर तरंगतो, अरुंद टायर कापत खाली जातो. पण या गाड्यांचे ब्रेकचे कॅलिपर मोठे असतात, त्यामुळे हवा तितका लहान रिम बसत नाही. गाडीच्या कागदपत्रांत कोणते आकार मान्य आहेत ते आधी पाहा. पोर्शेसाठी टायरवर एन०, एन१ अशी खूण असते, बीएमडब्ल्यूसाठी तारा. त्या गाडीसाठी निर्मात्याने तो टायर तपासलाय, असा तिचा अर्थ. मिशलँ पायलट आल्पिन ५ किंवा कॉन्टिनेंटलचा विंटरकॉन्टॅक्ट टीएस ८६० एस यांच्यासारखे टायर याच वर्गासाठी आहेत.

टायरच्या बाजूवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलंच पाहिजे. नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेले टायर १ ऑक्टोबर २०२४पासून जर्मनीत विंटर टायर म्हणून धरत नाहीत. जुन्या गाडीसोबत "हे घ्या विंटर" म्हणून फुकट मिळालेला सेट आधी उलटून पाहा. नक्षीची खोली कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, पण एडीएसी हा जर्मन मोटार क्लब ४ मिलिमीटर सांगतो, आणि ते बरोबर आहे.

तोटा आहे तो वेगाचा आणि हाताला येणाऱ्या जाणिवेचा. विंटर टायर बहुधा व्ही दर्जाचा, म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा. गाडीचा कमाल वेग त्याहून जास्त असेल तर डॅशबोर्डवर समोर दिसेल असा वेगमर्यादेचा स्टिकर लावावा लागतो. स्टिअरिंगही थोडं आळसावतं. डिसेंबरात मला त्याचं दुःख नाही. खर्चाचं म्हणाल तर एकरकमी हजारो युरो जातात हे खरं, पण त्या महिन्यांत उन्हाळी टायर झिजत नाहीत. म्हणूनच गाडी घेताना जाहिरातीत "अख्टफाख बेराइफ्ट", म्हणजे आठ टायरांसह, असं लिहिलेली गाडी थोडी महाग असली तरी बघावी.

ऑल-सीझन

डोंगर-हिमकणाचं चिन्ह असेल तर कायद्याला चालतात. साध्या फोक्सवॅगन गोल्फला मी ते बिनधास्त सुचवेन. एम२ला नाही: जुलैत गाडीची मजा निम्मी होते आणि आल्प्सच्या पायथ्याशी फेब्रुवारीतही ते अपुरेच वाटतात.

हिवाळाभर उभी ठेवायची

हंगामी नंबरप्लेट ही जर्मन सोय आपल्याकडच्या मंडळींना उशिरा कळते. प्लेटवरच महिने छापलेले असतात, समजा ०४ ते १०. दोन ते अकरा महिने निवडता येतात, कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. उरलेल्या काळात गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. खासगी जागा लागतेच. विम्याची बिनदाव्याची सवलत वाढत राहावी म्हणून हंगाम किमान सहा महिन्यांचा ठेवा.

इथे एक गोष्ट सहज सुटते. गाडी उभी असली तरी टायर थंडीतच असतात. शेव्हरोले कॉर्व्हेटसारख्या गाड्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट इशारा आहे की उणे ७ अंशांखाली समर टायरच्या नक्षीत चिरा पडू शकतात. बवेरियातल्या उघड्या शेडमध्ये पारा तिथवर जातो. बंदिस्त, शक्यतो जमिनीखालचं गॅरेज पाहा.

म्युनिकमध्ये राहून सुट्टीला ऑस्ट्रियातून ब्रेनर घाटमार्गे इटलीला जाणाऱ्याला तर दुसरा सेट किंवा दुसरी गाडी, एवढेच दोन मार्ग आहेत. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्याची स्थिती हिवाळी असेल तर विंटर टायर लागतात आणि ४ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षीचा टायर तिथे विंटर मानतच नाहीत.

सेट घ्यायचं ठरलं तर वर्कशॉपची वेळ सप्टेंबरातच घ्या; पहिली बर्फाची बातमी आली की आठवडा-आठवडा नंबर लागत नाही. चाकं बदलल्यावर ५० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने आवळून घ्या. नव्या रिममध्ये प्रेशर सेन्सर बसवलेत का, हे बिल देण्याआधी विचारा.